माझं शिखर हलत नाही

३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. सातव्या वर्षात पीएचडीला शिस्त हवीच. महिनाअखेर फेलोशिप संपते, पण माझे गाइड, सर, मुदतवाढ देतील. न देऊन सांगतात कुणाला.
सासऱ्यांना फोनवर विषय समजावला. साबणासारखे पॉलिमर पाण्यात सोडले की त्यांचे बारीक गोळे होतात, ते मायसेल. त्यांच्यावर एक्स-रे सोडायचे आणि कसे विखुरतात त्यावरून आतली रचना ओळखायची. सासरे म्हणाले, एवढ्याला सात वर्षं? माणूस शिकलेला नसला की असं होतं.

४ मार्च
लिहायचं राहिलं.

५ मार्च
बायकोला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. पर्मनंट. चौदा तारखेपर्यंत कळवायचंय. म्हटलं, जरा थांब, माझं काहीतरी मोठं होतंय. म्हणाली, तुझं दरवर्षी होत असतं. खवचटपणा तिच्या माहेरचा.

७ मार्च
एक्स-रे जायला सॅम्पलच्या डबीला खिडक्या असतात, त्या फुटलेल्या. नव्या मागवायच्या तर फॉर्म भरा, सह्या घ्या. मी दोन्हीकडून पिवळी चिकटपट्टी लावली. तिच्यातूनही एक्स-रे आरपार जातात. डोकं लागतं.
आणि संध्याकाळी आलेखावर शिखर. टोकदार, देखणं. असं मायसेलमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नाही. मला रडू आलं.

९ मार्च
सॅम्पल तापवलं. शिखर हललं नाही. पाणी घालून पातळ केलं. तरी हललं नाही. इतके टणक मायसेल जगात नसतील.
लॅबमधली ज्युनिअर पोरगी म्हणाली, दादा, डबी रिकामी ठेवून एकदा मोजू या का? हिला कालपर्यंत मशीन सुरू करता येत नव्हतं. सगळ्यांसमोर विचारलं, रिकाम्या डबीवर थीसिस लिहायचाय का तुला? सगळे हसले. तिचे डोळे भरले. बरंच झालं, सवय हवी.
घरी बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही.

१२ मार्च
डबी गळली. सॅम्पल सगळं टेबलावर. मशीन मात्र चालूच होतं, आणि शिखर आधीपेक्षा उंच. याचा अर्थ पाणी गेलं तरी मायसेल जागचे हलले नाहीत. सरांना सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, सोळाला सेमिनार दे, मुदतवाढीचं तिथेच ठरवू. भारावले असावेत.

१४ मार्च
बायकोने नोकरीला नकार कळवला. मीच कळवायला लावलं, असं म्हणायला हरकत नाही. म्हटलं, एकाच घरात दोन करिअर कशी धावणार, आणि माझं आता सुसाट सुटलंय. ती बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून होती. सुटल्यासारखं वाटलं असेल तिलाही.

१६ मार्च
सेमिनार. चाळीस स्लाइड. शेवटी सरांनी ज्युनिअरला उठवलं. तिने एकच आलेख दाखवला. तेच शिखर, तीच जागा. सरांनी विचारलं, सॅम्पल कुठलं? ती म्हणाली, सॅम्पल नाही सर, नुसती चिकटपट्टी.
हसू मागच्या बाकांवरून सुरू झालं. सर हसले नाहीत. म्हणाले, महिनाअखेर लॅबची चावी ऑफिसात जमा कर. माझ्या जागी कुणाला घेणार तेही सांगितलं. तिलाच.
मत्सर. दुसरं काय.

१८ मार्च
बायकोने त्या कंपनीला फोन केला. जागा भरली म्हणे. फोन ठेवून तिने विचारलं, त्या मुलीने सांगितलं तेव्हाच रिकामी डबी मोजली असतीस, तर किती वेळ लागला असता?
म्हटलं, दहा मिनिटं. पण प्रश्न वेळेचा नव्हता, तत्त्वाचा होता.
ती उठली. आत जाऊन पडली, भिंतीकडे तोंड करून.
पटलेलं दिसतंय.