कोंबडा तुमच्याकडे, कोंबड्या माझ्याकडे

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठातली दोन अंगे वजा धरावीत). तुमचा गुडघा कसा आहे, असे बायको विचारते आहे. मी आपला लिहून घेतो. तीन वर्षांत पत्र का नाही आणि आधी कुणी लिहायला हवे होते, हा विषय आज काढत नाही.

आईच्या माघारी वाटणी झाली, कोंबडा तुम्ही नेलात, तीन कोंबड्या मला आल्या. तेव्हापासून आपल्या या जुन्या जातीचा मी सांगोपांग अभ्यास केला आहे (कुणाकडे न शिकता, एका पुस्तकावरून; घड्याळदुरुस्ती तरी मला कुणी शिकवली?). तुरा एकेरी, पाच दात्यांचा. पाय पिवळे. अंडे फिकट तपकिरी, सरासरी त्रेपन्न ग्रॅम, तेही शेजारच्या सोनाराच्या काट्यावर, म्हणजे वाद नको. अंड्यालाही चांगली आणि मांसालाही. आई म्हणायची ते आठवत असेलच: "कोंबडी एकटी दोन कामांची, नि तुम्ही दोघे मिळून एका कामाचे."

दोघी गेल्या, तांबडी तेवढी उरली. यंदा ती खुडूक बसली, तेव्हा वंश राहावा म्हणून तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. खुराड्यात तापमापक टांगला. एकवीस दिवस दुकान अर्धा दिवस बंद (गिऱ्हाइके म्हणाली, घड्याळवाल्याचीच वेळ चुकली). बाविसावा दिवस गेला, तेविसावा गेला. दमटपणा कमी पडतोय असे निदान करून मी पाणी शिंपडले आणि त्यातच घसरलो. कंबर ती तिथली. चोविसाव्या दिवशी बायको दारात येऊन एवढेच म्हणाली, "अहो, पण कोंबडा कुठाय?"

दादा, पुस्तकात हे कुठेही लिहिलेले नाही. गृहीत धरले असावे.

अंडी काढून घेतली, तरी तांबडी त्या रिकाम्या जागेवर बसूनच आहे. उठवायला गेले की टोचते. हाही जातीचाच गुण म्हणून वहीत नोंदवला आहे. पहाटे आरवणे ऐकू येत नाही, म्हणून मी दुकानातली नऊ घड्याळे पाचाच्या गजराला लावून पाहिली. जाग येते, पण घरात कुणी आहे असे वाटत नाही.

तुमचा धाकटा

ता. क. कोंबडा, किंवा त्याचा एखादा मुलगा, थोड्या दिवसांसाठी पाठवावा. सुस्थितीत परत मिळेल.

आणखी एक. या जातीचा कोंबडा एकटा प्रवास करत नाही. सोबत ओळखीचा माणूस लागतो, असे पुस्तकात स्पष्ट दिले आहे.

शेवटचे. पुस्तकात असे काही नाही. तू ये.