दोन फ्रेमची सूट

४ जानेवारी, शनिवार

पुन्हा हरलो! आणि कुणाशी — ऋत्विकशी! ज्याला क्यू धरायला मी शिकवलं. पांढऱ्या बॉलला मारताना डोळे मिटायची खोड होती त्याला, ती मी मोडली.

हरल्याचं एवढं काही नाही. (खोटं. तेवढंच आहे.) पण पूल पार्लरचा जिना उतरताना त्याचं बोलणं कानावर आलं — "हर्षददादा मुद्दाम हरतोय रे. सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेआधी ग्रेड खाली आणायचीय त्याला."

मी! मुद्दाम!

भरतच्या पार्लरचा नियम महाडमध्ये पूल खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. 'अ', 'ब', 'क' अशा तीन पायऱ्या. आधी पाच फ्रेम, म्हणजे पाच डाव, घेईल त्याची मॅच. वरच्याने खालच्याला पायरीमागे एका फ्रेमची सूट द्यायची. म्हणजे 'अ'समोर 'क' आला तर तो दोन-शून्यवरूनच खेळायला लागतो. महिन्याचे निकाल बघून भरत पायऱ्या बदलतो. नियम ठरला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मीच म्हणालो होतो, दुबळ्यालाही वाटलं पाहिजे की आपण जिंकू शकतो. दुबळा म्हणजे अर्थातच दुसरा कुणीतरी!

स्पर्धेआधी मुद्दाम हरून खाली उतरणारे असतात. दोन वर्षांमागे खेडचा एक जण तसा सापडला. त्याला हाकला म्हणून सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो.

७ जानेवारी, मंगळवार

क्यूचं टोक बदललं. जुनं दबलं होतं. आता बघू.

सकाळी पोलादपूरहून आंबेनळी घाटाची फेरी, जीप भरून. तुळजाबाई पुढच्या सीटवर, मांडीवर पावट्याच्या शेंगांची टोपली. मंगळवारी आणि शनिवारी महाबळेश्वरच्या बाजारात जाते. पूर्वी मागे बसायची, गप्पा हाणत. गणपतीपासून मात्र पुढची जागा सोडत नाही, आणि घाट लागला की हिचं सुरू — "हळू हाक रे हर्षद, मला गरगरतंय." प्रत्येक वळणाला! सत्तर वर्षं घाटात काढली आणि आता बाईसाहेबांना गाडी लागायला लागली! मागची माणसं हसतात. मला झक मारत हळू हाकावं लागतं. दत्ताराम आपली जीप घेऊन शेजारून सुसाट जातो, वर हॉर्न वाजवतो मेला.

११ जानेवारी, शनिवार

टोकाचा दोष नव्हता.

१२ जानेवारी, रविवार

ऋत्विक 'अ'मध्ये चढला. माझ्याच जिवावर!

भरतने बाजूला घेतलं. "नियमाने तू खाली यायला पाहिजेस. एक पायरी तरी. पण पोरं ऐकणार नायत. तू खाली आलास तर ऋत्विकला तुला सूट द्यावी लागंल, म्हणून तो सगळ्यांना पेटवतोय."

"तुला काय वाटतं?"

भरत खडूचा तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवत होता, उचलत होता. "मला वाटतं, तू काहीतरी सांगत नायस."

मी भडकलो. म्हटलं, 'अ'मध्येच ठेव मला. कुणाची सूट नको! आणि तरातरा खाली आलो. डावा हात खिशात घालून.

लिहून टाकतो. इथे कोण वाचायला बसलंय.

डावा हात थरथरतो. ज्याचा पंजा कापडावर टेकून वरून क्यू सरकवायचा, तोच. गणपतीत एक बोट हलायचं. आता अख्खा पंजा. नेम डोळ्यांत बरोबर असतो, क्यूचं टोक मात्र बॉलसमोर नाचत असतं. क्यू बदलून काय होणार? खडू बदलून काय होणार? टेबलाला उतार आहे म्हणून मी भरतशी भांडलोसुद्धा!

सांगितलं तर नाव साफ होईल. पण महाडला बोललेलं संध्याकाळी पोलादपूरच्या स्टँडवर पोचतं. हात कापणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत घाटात कोण बसेल? मी तरी बसेन का? नाही सांगितलं तर चोर, सांगितलं तर घरी बसा. इकडे आड, तिकडे विहीर. काय करू? काय करू मी?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सेजलने तिळगूळ हातावर ठेवला, तो सांडला. मग भांडलो. तिळगूळ सांडू नका, भांडू नका म्हणतात — दोन्ही केलं.

"हाताला काय झालंय तुमच्या?"

"झोपेत दबला."

"गणपतीपासून झोपलायत का?"

बायको आहे की पोलीस!

१८ जानेवारी, शनिवार

अंगातलं कापरं अजून गेलं नाही. आता दोन्ही हातांना आहे, तेवढीच समानता.

घाटातलं मोठं वळण. वरून बस आली, मी वेग कमी केला, खालचा गिअर टाकायला गेलो. पडेना. हात दांड्यावर आहे आणि दांडा बसत नाही! जीप मागे सरकली. मागे दरी. गाडीत माणसं, त्यांत एकीच्या मांडीवर तान्हं मूल. ब्रेकवर उभाच राहिलो म्हणायचं. गाडी थांबली.

तेवढ्यात तुळजाबाई मोठ्याने म्हणते, "माझ्यासाठी थांबलास होय रे? बरं केलंस बाबा. लई गरगरत होतं."

मागची माणसं हसली. म्हातारीला वाटलं मी तिच्यासाठी थांबलो! वाटू दे. देवासारखी धावून आली आणि तिला पत्ताही नाही.

वर पोचल्यावर दत्ताराम विचारत होता, काय झालं. म्हटलं, गिअरबॉक्स.

२१ जानेवारी, मंगळवार

मेकॅनिक म्हणाला, "गिअरबॉक्स ठणठणीत हाय, दादा."

ते मला माहीत होतं. तरी पूर्णवेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. बिघाड आहे असं तो कधी म्हणतोय, याची वाट बघत.

२५ जानेवारी, शनिवार

आज फेरी दत्तारामला दिली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. उद्या स्पर्धा. पहिलीच मॅच ऋत्विकशी. तो 'अ', मी 'अ'. बरोबरीची!

२६ जानेवारी, रविवार

सगळं संपलं. नीट लिहितो.

पहिलं टेबल पुरात गेलं, तेव्हापासून भरत स्पर्धेआधी टेबलाच्या पायाशी नारळ फोडतो. तो फोडणार, तेवढ्यात ऋत्विक बोलला, सगळ्यांसमोर. "थांबा. दादा, आधी ह्यो नारळ उचला. उचलून बोला, मुद्दाम हरलो नाय म्हणून. मग मी तुमच्या पाया पडतो."

नारळ उचलून खोटं बोलायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. आणि मी तर खरंच बोलणार होतो! मला वाटलं, सुटलो! एवढं सोपं होतं तर! दोन्ही हातांनी नारळ उचलला. "मी एकही फ्रेम—"

नारळ हलायला लागला. आतलं पाणी खळखळ, खळखळ. खोलीभर तेवढाच आवाज.

"बघा! बघा रे!" ऋत्विक ओरडला. "खोटं बोलतोय! देवाच्या भीतीनं हात कापतोय त्याचा!"

सगळ्यांनी मान डोलावली. मीही त्यांच्यात असतो तर डोलावली असती.

नारळ खाली ठेवला. डावा पंजा हिरव्या कापडावर पसरला, शॉट मारताना ठेवतो तसा. म्हटलं, "आता नारळ नाय हातात. आता कशाला भितोय ह्यो?"

पंजा कापडावर फडफडत राहिला, नुकत्याच पाण्यातून काढलेल्या माशासारखा. ऋत्विक पाया पडायचं विसरला. त्याचं तोंड उतरलं होतं, आणि मला त्याचीच दया आली. तेही माझ्याच नशिबी!

भरत भिंतीवरच्या फळ्याकडे गेला. माझ्या नावापुढचा 'अ' बोटाने पुसला, 'क' लिहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन फ्रेमची सूट. नियम हाय."

घेतली. दोन-शून्यवरून सुरुवात केली आणि तीन-पाचने हरलो. आठ नंबरचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता, तो पडला तरी टाळ्या! मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा वाजवतात तशा. कालपर्यंत चोर होतो, तेव्हा निदान घाबरून खेळायचे माझ्याशी.

२७ जानेवारी, सोमवार

जीप काढली नाही. स्टँडवर कुणी विचारायच्या आधीच किल्ली सेजलच्या हातात दिली. तिने पदराला पुसली आणि मिसळणाच्या डब्यामागे ठेवली. कधी परत देशील, असं विचारायचं होतं. विचारलं नाही.

उद्या साताऱ्याला डॉक्टरकडे. पुढे काय? मला गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. आणि पूल. दोन्ही एकाच हाताने नेलं.

२८ जानेवारी, मंगळवार

दत्तारामच्या जीपने निघालो. मी मागे, सेजल शेजारी. स्टँडवर सगळ्यांना कळलेलं. तुळजाबाई चढली. पुढची जागा रिकामी होती, तरी मागे आली. पूर्वीसारखी. माझ्यासमोर बसून शेंगा निवडू लागली, सेजलशी गप्पा सुरू.

दत्ताराम नेहमीसारखा सुसाट. वळणामागून वळण गेलं. मोठं वळणसुद्धा. टोपली इकडून तिकडे सरकत होती. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, मग म्हणेल.

शेवटी मीच विचारलं, "काकी, गरगरत नाय का?"

तिने शेंगांतून मान वर काढली नाही.

"मला कवा गाडी लागली रे?"