शिकतं कोण आमच्यात?

९ ऑक्टोबर १९७४, स्लायगो
छापून आलंय! डब्लिनच्या पेपरात, अर्धं पान! "गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात खरं गाणं" — म्हणजे माझं, कोलमनवरचं. शेवटच्या ओळीवर तर तो समीक्षक फिदाच झालाय — 'पोहायला शिकलाच नाही तो, शिकतं कोण आमच्यात?' लॉजवालीने नाश्त्याला जास्तीचं सॉसेज वाढलं. मला आनंद झालाय की भीती वाटतेय, काही कळत नाही.

१० ऑक्टोबर
भीतीच आहे. बुडालेल्या माणसावर गाणं केलं की आधी त्याच्या घरच्यांना विचारायचं, हे आमच्या मच्छीमारांच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. मी कोलमनच्या आईला, हनोराकाकूंना, विचारलंच नाही. दोन वर्षं झाली — भर दुपारी, शांत पाण्यात बुडाला तो. त्यांच्या दारात जायची माझी छातीच झाली नाही. म्हटलं, लांबलांबच्या गावांत गाईन, कोणाला कळतंय! घ्या. आता अख्ख्या देशाला कळलं.

१३ ऑक्टोबर, एनिस
हॉलमध्ये माणसं उभी होती. ती ओळ आली आणि पुढची बाई रडायलाच लागली. मी गायिका आहे की चोर?

१६ ऑक्टोबर
फेस्टीचा फोन, गावातल्या त्याच्या पबमधून. "काय गं ए पेपरवाली! शनिवारी इथे गायचंय."
म्हटलं, आणि काकू?
"त्यांनीच बोलावलंय."
"चिडल्यात का रे?"
"मला काय विचारतेस? कात्रण मागून नेलं, नीट घडी घालून."
जाऊ? नको जाऊ? डोकं फिरायची वेळ आलीय.

२० ऑक्टोबर, घरी
काल गायले. पहिलं कडवं संपतंय तोच काकू उठल्या, शेजारी येऊन बसल्या, आमच्या रीतीप्रमाणे माझा हात हातात घेऊन चालीवर हळूहळू फिरवत राहिल्या. "शाब्बास गं पोरी!" — मध्येच म्हणाल्या, त्याच! शेवटची ओळ आम्ही गात नाही, नुसती बोलतो. माझ्या तोंडून ती फुटेना. काकूंनीच बोलून टाकली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, खणखणीत. मी ओक्साबोक्शी रडले. वाटलं, सुटले एकदाची.

२१ ऑक्टोबर
सकाळी काकू पाव घेऊन आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "कोलमनला छान पोहता यायचं गं. इंग्लंडात शिकला होता. इथे कोणाला माहीत नाही. ती ओळ बदलू नकोस हं. लोकांना अपघातच वाटू दे."