माफी मागणार नाही, साधा क्लासच लिहिणार

ती. मामांना,

लांबूनच नमस्कार. (जवळून केला तर तुम्ही कान पिळाल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे, नोकरीची तब्येत मात्र नाजूक आहे. "साहेबांची माफी माग आणि मोकळी हो," हा तुमचा सल्ला आईकडून पोचला. तो आदरपूर्वक नाकारते.

आमचं ऑफिस रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षासाठी प्रोग्रॅम लिहितं. कुठल्या फोनला कुठली गाडी पाठवायची, हे ठरवणं हे त्याचं खरं काम. जवळची गाडी बघा, तिच्यात ऑक्सिजन आहे का बघा, पाठवा. हे सगळं मी एका साध्या क्लासमध्ये लिहिलं. (क्लास म्हणजे शिकवणी नव्हे, प्रोग्रॅमचा एक सुटसुटीत तुकडा.) वरून खाली वाचलं की कळतं. (तुम्हालाही कळेल, आणि तुम्ही तर रिमोटलाही घाबरता.) पण साहेबांनी नुकतंच एक थोरलं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा आयता सांगाडा, आणलेलं. त्यात प्रत्येक नियमाचा वेगळा कंपोनंट, म्हणजे सुटा भाग, करायचा, त्याचं नाव एका फाइलमध्ये नोंदवायचं, मग फ्रेमवर्क हाका मारून सगळ्यांना गोळा करणार. म्हणजे "ऑक्सिजन आहे का?" एवढं विचारायलाही आधी अख्खा लवाजमा उठवायचा! मी म्हटलं, "साहेब, बाकीच्या जोडण्यांना ठेवा ते. गाडी निवडायचं डोकं तेवढं त्यापासून लांब राहू द्या." साहेब म्हणाले, "साधे क्लास कॉलेजात लिहितात." सगळ्यांनी माना डोलावल्या. (निम्म्यांना प्रश्नच कळला नव्हता.)

नवा प्रोग्रॅम सुरू झाला त्याच दुपारी फ्रेमवर्क झोपलं. नोंदीत कुणीतरी एका नावातलं अक्षर खाल्लं होतं. मी तेव्हा नियंत्रण कक्षातच होते. पडदे कोरे, फोन खणखणताहेत. वडिलांना श्वास घेता येत नाही म्हणून एक बाई फोनवर रडत होती. फोन घेणाऱ्या ताई माझ्याकडे वळून ओरडल्या, "अगं, कुठली गाडी पाठवू? बोल की!" मी लॅपटॉप उघडून माझा क्लास चालवला. त्याला कुणालाच उठवायचं नव्हतं. ताई पत्ता आणि मोकळ्या गाड्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. गाडी वेळेत पोचली, वडील वाचले. पडदे परत उजळेपर्यंत आम्ही दोघींनी तसंच रेटलं. 

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी शाबासकीच्या तयारीने गेले, तर म्हणे, "मंजुरी नसलेला कोड चालवलास. लेखी माफी दे." मी म्हटलं, "देणार नाही." "मग चौकशी होईल." "होऊ द्या. ताई येतील माझ्या बाजूने बोलायला."

चौकशीला ताई आल्या, आणि बोलल्या म्हणजे काय, साहेबांना घाम फुटेपर्यंत बोलल्या. आता कुठली गाडी पाठवायची ते माझाच क्लास ठरवतो. माफीची मागणी अजून कायम आहे, माझा नकारही.

तुमची हट्टी भाची

ता. क. : अग्निशमनवाल्यांनाही माझा क्लास हवा आहे. त्यांचे नियम वेगळे, म्हणून ते बाहेरून जोडता येतील अशी छोटीशी सोय केली. नियमांची नावं एका फाइलमध्ये लिहायची, बस. हे फ्रेमवर्क नाही.

आणखी एक ता. क. : आमच्याकडे नव्याने रुजू झालेली एक बाई म्हणते, "तुमची ही सोय नको, मी सरळ साधा क्लास लिहीन." मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर! मामा, रविवारी येऊन तिला जरा समजावाल का? मी नाही ऐकलं, पण ती ऐकेल तुमचं.