उणे अठ्ठावीसमध्ये चालणारा चार्जर

मंगळवार, ९ जानेवारी

गाडी चालू झाली नाही. चावी फिरवली की नुसतं टक्-टक्. बाहेर उणे अठ्ठावीस. माझा नवरा राइमो कोट-टोपी घालून शेजारी बसलेला. डायलिसिसची वेळ साडेनऊची, आणि दवाखाना अठ्ठावन्न मैलांवर.

शेवटी रस्त्यापलीकडच्या वर्नाला फोन केला. ती केसही न विंचरता पिकअप घेऊन आली. पोचायला तासभर उशीर. मॉरीन, तिथली नर्स, राइमोला सुई लावता लावता मला म्हणाली, "आज थोडक्यात उरकते. पण खाडा होऊ देऊ नका, इर्मा. रक्तात पोटॅशियम साचलं की हृदय आधी सांगत नाही, एकदम थांबतं."

हे राइमोसमोर बोलायची गरज नव्हती. तो छताकडे बघत होता.

बुधवार, १०

राइमोने त्याचा जुना चार्जर काढला. खाणीच्या गॅरेजमध्ये वापरलेला, निवृत्तीच्या वेळी घरी आणलेला, चाकं असलेला लोखंडी डबा. मी म्हटलं, नवा घेऊ. तर म्हणे, "हा तीस वर्षं आहे माझ्याकडे, तू एक्केचाळीस. दोघांपैकी कुणालाच बदलायचं नाही."

हसले. हसायला नको होतं. त्याने चिमटे लावले आणि आत येऊन झोपला. दुपारी गाडीच्या शेडमध्ये गेले तर सडक्या अंड्यांचा वास. बॅटरी हात लावू देईना इतकी तापलेली, आणि कडा फुगलेल्या. तो डबा आपला घूं-घूं करत भरतोच आहे! थांबणं त्याला माहीतच नाही. भिंतीतली पिन उपटली, दार उघडून बर्फात उभी राहिले.

राइमोला उठवून सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाला.

गुरुवार, ११

पुन्हा वर्ना. वाटेत म्हणाली, "माझं काही नाही गं, पण शनिवारपासून आठवडाभर मी बहिणीकडे चाललेय." म्हणजे शनिवारपर्यंत काय ते व्हायला हवं.

राइमो चार तास मशीनवर. तेवढ्यात हार्डवेअरच्या दुकानात गेले. फळीवर सात-आठ चार्जर, सगळ्यांवर एकच दावा— भरवशाचा. काउंटरवरचा ऑर्व्हिल, सत्तरीचा असेल, चष्मा कपाळावर. मी विचारलं, उणे अठ्ठावीसमध्ये कुठला चालेल?

"आधी सांगा, गाडी कशासाठी लागते?"

सांगितलं. त्याने चष्मा खाली घेतला.

"मग हा मोठा नको. झटकन भरतो, पण बॅटरीचं आयुष्य खातो. हा स्वस्तातलाही नको, भरल्यावर थांबत नाही. हा घ्या. सावकाश भरतो, भरली की आपोआप थांबतो, थोडी उतरली की पुन्हा सुरू होतो. चिमटे उलटे लागले तर चालूच होत नाही. थंडी ओळखून विजेचा दाब बदलतो. रात्रभर लावून ठेवा."

"आणि बॅटरी गोठली असेल तर?"

"गोठलेल्या बॅटरीला कुठलाच चार्जर लावायचा नाही, बाई. फुटते. भरलेली बॅटरी गोठत नाही, उतरलेली गोठते."

फुगलेलीच्या जागी नवी बॅटरीही घेतली. तिच्यावरचा प्रकार आणि चार्जरवरचा प्रकार त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मी पोरींना भट्टी लावायला शिकवली. आज कुणीतरी मला शिकवलं. बरं वाटलं.

शुक्रवार, १२

नवी बॅटरी मीच बसवली. राइमो स्टुलावर बसून बघत होता. तो सांगायच्या आत मी केलेलं असायचं. लाल चिमटा बॅटरीच्या अधिक टोकावर, काळा इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. मग भिंतीत पिन. पिवळा दिवा लागला. संध्याकाळी हिरवा.

"झालं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. मला ते कौतुक वाटलं.

शनिवार, १३

पहिल्याच चावीला चालू झाली! साडेनऊच्या आधी वीस मिनिटं पोचलो. मी गाडीत गाणं म्हटलं. राइमो खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी सौना, आमची वाफेची खोली, तापवली. तो आला नाही. थकलोय म्हणाला.

मंगळवार, १६

गाडी मेलेली. टक् सुद्धा नाही.

चार्जरची पिन भिंतीतून निघून खाली पडलेली. बॅटरी पूर्ण उतरलेली. काल दुपारी हिरवा दिवा मी या डोळ्यांनी पाहिला होता. वर्ना नाही. दुसरे दोन फोन केले, कुणी उचललं नाही.

मॉरीन फोनवर म्हणाली, गुरुवार सकाळशिवाय मशीनची खुर्ची रिकामी नाही. बटाटा नाही, केळं नाही, पाणी मोजून. छाती जड झाली किंवा श्वास लागला तर सरळ अँब्युलन्स.

ऑर्व्हिलला फोन लावला. माझा आवाज चढला होता. म्हटलं, तुमचा भरवशाचा चार्जर! त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पिन निघाली म्हणून नवी बॅटरी एका रात्रीत उतरत नाही, बाई. दिवे चालू राहिले असतील. कुणीतरी गाडीत बसलं होतं का?"

म्हटलं, घरात आम्ही दोघंच.

बॅटरी आत आणून चुलीजवळ ठेवली. सुदैवाने अजून गोठली नव्हती. मग शेडमध्ये बसवून चार्जर लावला. दिवसभर राइमोचे श्वास मोजतेय. तो कोडं सोडवतोय. दोन दिवसांत इतका निवांत तो मला दिसला नव्हता.

बुधवार, १७

दुपारी हिरवा दिवा. चारला राइमो म्हणाला, लाकडं आणतो. लाकडं चुलीजवळ रचलेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. थोड्या वेळाने शेडच्या दाराखालून उजेड आला.

गेले. तो गाडीत बसला होता. इंजिन बंद, पुढचे दिवे लख्ख. पिन जमिनीवर. मी पलीकडून आत बसले.

"पहिल्या वेळी दिवे खरंच विसरलो होतो," तो म्हणाला. "नुसता बसायला आलो होतो. सकाळी गाडी चालू झाली नाही तेव्हा— इर्मा, मला इतकं हलकं वाटलं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी मुद्दाम."

मी ओरडले. वर्नाच्या पाया पडायचं बाकी राहिलं होतं, म्हटलं. बर्फात उभी राहून बॅटऱ्या उचलल्या. तोंड नव्हतं का तुला?

"तू इतक्या जिवाने ती गाडी चालू करत होतीस. तुला कसं सांगू, की मला आता त्या मशीनवर जायचंच नाही? सहा वर्षं झाली."

काचेवर आमच्या श्वासाचा बर्फ चढत होता. मी विचारलं, कारिनला सांगितलंस? आमची मुलगी दुलूथला असते.

"नाही. फोनवर नाही सांगायचं."

दिवे मी बंद केले. पिन मी लावली.

रात्रभर भांडलो. अर्धा वेळ मी एकटीच.

गुरुवार, १८

सातला मॉरीनला फोन करून सांगितलं, आजची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. आणि डॉक्टरांनी संध्याकाळी आम्हाला फोन करावा.

गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. आम्ही दोघं कारिनकडे निघालोय, दोन तासांची वाट आहे.