फक्त नावांचा रकाना

४ मार्च
आले एकदाची. ताईने मागची खोली दिली, गादीवर नवी चादर घातली. भाचीने मावशी मावशी करत डोकं उठवलं. ताईच्या ओळखीने तिच्याच ऑफिसात नोकरीही लागली. गाद्यांचा कारखाना आहे. कुठला माल कुठे किती खपला ते शीटमध्ये मांडून दाखवायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ताई म्हणाली, मी आहे ना, शिकवते. बरं वाटलं.

६ मार्च
माझी खुर्ची खिडकीपाशी आहे. खणात आधीच्या मुलीचा कंगवा सापडला, केसांसकट. ती कोण म्हणून विचारलं, तर कुणाला नाव आठवेना. साहेबांनी डोकं खाजवलं आणि चहा मागवला.

सरावासाठी ताईने कर्मचाऱ्यांची शीट उघडली: नाव, जागा, कामगिरी, घरची माणसं. शीट एकच, सगळ्यांच्या पडद्यावर. कोण कुठे काम करतंय ते रंगीत चौकटीवरून कळतं. ताईच्या लगेच खालच्या, माझ्या ओळीत पुढचं सगळं भरलेलं होतं, नावाचा कप्पा तेवढा रिकामा. ताईने त्यात माझं नाव टाकलं. मग बजावलं, क्रम लावताना सगळे रकाने निवडायचे. नुसती नावं निवडलीस तर नावं हलतात, बाकीचं जागेवर राहतं, आणि एकीचं दुसरीच्या नावावर जातं.

११ मार्च
माझ्या तक्त्यात चूक निघाली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, ताईकडून शीक जरा. हे मी जन्मापासून ऐकतेय. शाळेत बाई, घरी आई, आता हे. आम्ही दोघी घरी आलो तर भाऊजी ताईसाठी चहा टाकून बसलेले. मलाही दिला, उरलेला. अंगाचा तिळपापड झाला. तिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?

१४ मार्च
केलं. ताई जेवायला गेली तेव्हा आम्हा दोघींच्या नावांचे दोनच कप्पे निवडले, उलटा क्रम लावला, सेव्ह केलं. तिची कामगिरी आता माझ्या नावावर. पोरकटपणा आहे, पण जीव गार झाला.

१५ मार्च
साहेबांनी मला ताईच्या टेबलावरून हाक मारली, जशी काही मी कायम तिथेच बसते. ताई खिडकीपाशी होती. बाकीचे आपापल्या कामात. संध्याकाळी भाऊजींनी पहिला कप मला दिला, आणि भाची आई म्हणत कमरेला बिलगली. ताई दारात उभी होती. वळून मागच्या खोलीत गेली.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, सुख वाटलं.

१८ मार्च
ताई बघत असते. मी चहा घेताना, पोरीची वेणी घालताना. ती नजर माझ्या ओळखीची आहे. माझीच होती.

भाची सहज म्हणाली, आधीची आईपण अशीच घट्ट वेणी घालायची. मी म्हटलं, ताई ना? ती म्हणाली, नाही, तिच्याही आधीची. तिचा कंगवा हरवलाय.

ताईचं लग्न आठवायला बसले. मांडव आठवतो, भाऊजी आठवतात. शेजारी कोण उभी होती, तिचा चेहरा —

१९ मार्च
ऑफिस. नावं परत होती तशी लावणार होते. नको मला हे. पण पोरीला सोडायचं म्हटलं की — नाही, लावणारच.

शीटमध्ये ताई आधीच आहे. तिची चौकट माझ्या नावावर. हलत नाही.

खिडकीपाशी बसल्या बसल्या माझ्याकडे बघून हसली. शिकवताना हसायची तशी.

साहेबांना सांगायला उठले. त्यांनी वर पाहिलं, डोकं खाजवलं — चहा मागवला.

कप्प्यातलं शेवटचं अक्षर गेलं. आता त्याच्या आधीचं —

वहीत तरी लिहून ठेवते, हाताने, हे तिला पुसता येणार नाही. माझं नाव

माझं नाव