कपाटातला कान

चि. संपत यास,

धायरीहून तुझ्या (अजून हयात असलेल्या) थोरल्या भावाचे आशीर्वाद. वाघोलीत सगळं ठीक ना? कंबर काय म्हणते? राधाने नर्सिंगचा फॉर्म आणल्यापासून तू पोरीशी बोलत नाहीस आणि दिवसभर आयटी, आयटी असा जप करतोस, असं कळलं. मी त्यात पडणार नाही. मी आपली माझ्या न्यूमोनियाची हकिगत सांगतो.

अतिदक्षता विभागात माझ्या घशात नळी होती, श्वास मशीन देत होतं आणि ते सोसावं म्हणून गुंगीचं औषध चालू होतं. आता मी कारखान्यात तीस वर्षं मशीनं तपासलेली. मला वाटायचं, बटण दाबलं की माणूस झोपला. छे रे! औषध जास्त झालं तर माणूस मशीनवरच पडून राहतो, कमी झालं तर नळी उपटतो. मिसबा नावाच्या सिस्टर (राधापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील) रोज सकाळी डॉक्टरांना विचारून औषध उतरवायच्या, हात दाबायला सांगायच्या आणि मी किती जागा, किती बेचैन याचा आकडा तक्त्यावर मांडायच्या. हे सगळं मला मागाहून समजलं.

तिसऱ्या दिवशी मला जाग आली, तर सगळ्यांची तोंडं हलतायत आणि आवाज नाही! मी घाबरून हात आपटू लागलो. हात दाबा म्हटलं तर दाबेना. एक तरुण डॉक्टर म्हणाले (हेही मला मागाहूनच कळलं), मेंदूवर परिणाम दिसतो, औषध वाढवा. तुझी वहिनी दाराबाहेर रडायला लागली. मिसबा सिस्टर म्हणाल्या, सर, दोन मिनिटं थांबा. त्यांनी आधी दुखतंय का ते पाहिलं (कपाळावरची आठीसुद्धा वाचतात या मुली), मग नळी पाहिली, मग त्यांच्या लक्षात आलं की मी ओठांकडे बघतोय आणि हात सारखा उजव्या कानाकडे नेतोय. तडक बाहेर जाऊन त्यांनी विचारलं, काका कानाला यंत्र लावतात का?

लावतो ना! पण भरती करताना घड्याळ, अंगठी घरच्यांच्या हाती देतात, त्यात तुझ्या वहिनीने माझा कानही नेला आणि हरवू नये म्हणून कपाटात कुलूपबंद केला. आमचे चिरंजीव संतोषराव, आयटीतले, लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथेच बसलेले. त्यांनाही सुचलं नाही. ते यंत्र आणायला धावले, तोवर सिस्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘काका, हात दाबा.’ मी असा दाबला की त्याच ओरडल्या. औषध वाढायचं ते आणखी उतरलं आणि दोन दिवसांत नळी निघाली. संपत, मी त्या पोरीपुढे ढसाढसा रडलो रे.

तुझा,
नागोराव

ता. क. राधाने माझ्याकडे धाडलेला फॉर्म सोबत आहे. पालकाच्या सहीची जागा रिकामी दिसते. पत्र घेऊन आलेला संतोष सही झाल्याशिवाय उठणार नाही.

आणखी एक ता. क. नाही म्हणायचं असेल तर अवश्य फोन कर. यंत्र तुझ्या वहिनीने पुन्हा कपाटात ठेवलं आहे.